प्रोग्राम कार्यालयात, वापरकर्ता वांगणीत
दूरस्थ संगणक-कामामागील तंत्र आणि दृष्टिहीनांपुढील अडचण

वांगणी, प्रतिनिधी

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूर आणि शेलू या स्थानकांच्या दरम्यान वांगणी आहे. अंबरनाथ तालुक्यातील हे गाव मुंबईपासून सुमारे ८० किलोमीटरवर असल्याने, नोकरी मुंबई-ठाण्यात आणि घर येथे अशी ज्यांची स्थिती आहे, त्यांच्या दिवसातील तीन-साडेतीन तास गाडीतच जातात. गाडी थांबली की कामही थांबते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली आणि एक हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. त्यानंतर आठ महिन्यांतच, मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीमुळे संपूर्ण उपनगरी रेल्वे बंद झाली. १५ जून २०२० पासून ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, तर सर्वसामान्य प्रवाशांना ठरावीक वेळांत प्रवासाची मुभा मिळण्यास १ फेब्रुवारी २०२१ हा दिवस उजाडावा लागला.

या काळात ‘घरून काम’ हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला. ज्यांचे काम संगणकावरचे होते, त्यांच्यापैकी अनेकांना कार्यालयातील प्रोग्राम घरी बसून वापरता आले. मात्र त्यामागील तंत्र नेमके कसे चालते, याची माहिती वापरणाऱ्यांनाही क्वचितच असते. वांगणीच्या दृष्टीने ही माहिती आणखी एका कारणासाठी महत्त्वाची ठरते. तुलनेने कमी घरभाडे आणि रेल्वेची सोय यांमुळे येथे अनेक वर्षांपासून दृष्टिहीनांची कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकात दृष्टिहीन मातेचा मुलगा रुळांवर पडला असता पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत्या गाडीसमोर जाऊन त्याला वाचविले. त्या घटनेने या वस्तीची ओळख देशभर झाली. येथील अनेक दृष्टिहीनांचा चरितार्थ लोकल गाड्यांतील किरकोळ विक्रीवर चालत आला असून, गाड्या बंद होताच तो बुडाला. त्यांच्या पुढच्या पिढीतील ज्या तरुणांनी संगणक शिकला, त्यांना घरून काम करणे शक्य होईल की नाही, हे कार्यालयाने दूरस्थ कामासाठी कोणते तंत्र निवडले यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते.

आभासीकरण म्हणजे काय?

एखादा प्रोग्राम संगणकावर बसविला जातो, तेव्हा त्याच्या फायली हार्ड डिस्कवर उतरतात आणि त्याच्या नोंदी ऑपरेटिंग सिस्टिमच्या ‘रजिस्ट्री’ या नोंदवहीत होतात. काही सामायिक फायली तो इतर प्रोग्रामांबरोबर वाटून घेतो. अशा रीतीने प्रोग्राम आणि संगणक यांची घट्ट गाठ पडते. म्हणूनच कार्यालयातील संगणकावर बसविलेला हिशेबाचा प्रोग्राम घरच्या संगणकावर नुसता उचलून आणता येत नाही.

ही गाठ सोडविण्याच्या तंत्रास ‘ॲप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशन’, म्हणजेच प्रोग्रामचे आभासीकरण, असे म्हणतात. प्रोग्राम आपल्या संगणकावर बसविलेला नसतो, पण तो बसविल्याप्रमाणे वापरता येतो. या एकाच नावाखाली परस्परांहून अगदी भिन्न असे दोन प्रकार मोडतात. पहिल्या प्रकारात प्रोग्राम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि वापरकर्त्याकडे केवळ त्याचे चित्र येते. दुसऱ्या प्रकारात प्रोग्राम स्वतःच एका बंदिस्त गाठोड्यात वापरकर्त्याच्या संगणकापर्यंत येतो व तेथेच चालतो. हा भेद लक्षात ठेवला, तर पुढील सर्व गुणदोषांचा उलगडा होतो.

पहिला प्रकार : चित्र येते, प्रोग्राम नाही

या प्रकाराचा पाया अमेरिकेतील सिट्रिक्स या कंपनीने घातला. एड याकोबुची यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या या कंपनीने १९९५ मध्ये ‘विनफ्रेम’ हे उत्पादन आणले. एकाच विंडोज सर्व्हरवर अनेकांना एकाच वेळी आपापली स्वतंत्र बैठक, म्हणजे ‘सेशन’, मिळण्याची सोय त्यात होती. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची ‘टर्मिनल सर्व्हर’ आवृत्ती आणली. तिच्यासोबत आलेला ‘रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल’, म्हणजेच आरडीपी, आजही वापरात आहे. सुरुवातीस संपूर्ण डेस्कटॉप पाहावा लागे. विंडोज सर्व्हर २००८ मधील ‘रिमोटॲप’ सुविधेमुळे दूरच्या एकाच प्रोग्रामची खिडकी आपल्या डेस्कटॉपवर, जणू तो येथेच बसविला आहे अशा थाटात, दिसू लागली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने हीच सेवा आपल्या क्लाउडमधून देण्यास आरंभ केला. जून २०२१ पासून ती ‘अझूर व्हर्च्युअल डेस्कटॉप’ या नावाने ओळखली जाते.

याचे काम पुढीलप्रमाणे चालते. समजा, ठाण्यातील एका कार्यालयाचे लेखा-काम टॅलीवर चालते आणि तेथील कर्मचारी वांगणीच्या घरातून काम करतो. तो प्रथम नाव, पासवर्ड आणि बहुधा मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक देऊन ‘गेटवे’ या प्रवेशद्वारातून आत जातो. त्याला ज्या प्रोग्रामांची परवानगी आहे, तेवढ्यांचीच चिन्हे त्याच्यापुढे येतात. त्यातील एकावर क्लिक करताच मध्यस्थ सर्व्हर, ज्यास ‘ब्रोकर’ म्हणतात, कोणत्या यंत्रावर भार कमी आहे हे पाहून तेथे त्याचे सेशन उघडतो. त्यानंतर वांगणीहून ठाण्याकडे जातात ती केवळ कळा दाबल्याची व माउस हलल्याची सूचनावजा माहिती. ठाण्याहून वांगणीकडे येतो तो पडद्याचा बदललेला तेवढाच भाग, संक्षेपित आणि सांकेतिक रूपात. टॅली ठाण्यातच चालते, हिशेबाची फाइलही ठाण्यातच राहते.

ध्वनी, छपाई, क्लिपबोर्ड आणि पेन ड्राइव्ह यांच्यासाठी त्याच जोडणीत स्वतंत्र ‘आभासी वाहिन्या’ असतात. घरच्या प्रिंटरवर कार्यालयातील पावती निघते ती यांपैकी एका वाहिनीमुळे. यांतील प्रत्येक वाहिनी व्यवस्थापकाला चालू किंवा बंद करता येते. ही बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

दुसरा प्रकार : गाठोड्यातून येणारा प्रोग्राम

दुसऱ्या प्रकारात सर्वाधिक नाव झाले ते सॉफ्टग्रिड या उत्पादनाचे. ते तयार करणारी सॉफ्ट्रिसिटी ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतली आणि पुढे या उत्पादनाचे नाव ‘ॲप-व्ही’ झाले. २०१६ मधील विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून ॲप-व्हीचा वापरकर्त्याकडील भाग एंटरप्राइझ व एज्युकेशन आवृत्त्यांत अंतर्भूत करण्यात आला. व्हीएमवेअरचे ‘थिनॲप’ हेही याच जातीचे उत्पादन. २००८ मध्ये विकत घेतलेल्या ‘थिनस्टॉल’वर ते आधारलेले होते.

येथे तंत्रज्ञ एका स्वच्छ संगणकावर प्रोग्राम बसवितो. बसविताना कोणत्या फायली उतरल्या, रजिस्ट्रीत कोणत्या नोंदी झाल्या, हे सारे एक साधन टिपून घेते. यास ‘सिक्वेन्सिंग’ म्हणतात. त्यातून जे गाठोडे तयार होते, ते सर्व्हरवर ठेवले जाते. वापरकर्त्याने चिन्हावर क्लिक केले की प्रोग्राम सुरू होण्यास लागणारा भाग आधी येतो आणि उरलेला गरजेप्रमाणे मागाहून येत राहतो. प्रोग्राम आपल्याच संगणकाच्या प्रोसेसरवर व मेमरीत चालतो. तथापि तो फाइल किंवा नोंद मागतो, तेव्हा मधला थर ती मागणी अडवून त्याला गाठोड्यातील आभासी फाइल व आभासी नोंद दाखवितो. त्यामुळे एकाच प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या एका संगणकावर सुखाने नांदू शकतात. गाठोडे काढून टाकले की मागे फारसा कचराही उरत नाही.

या पद्धतीला मर्यादा आहेत. हार्डवेअर चालविणारे ‘ड्रायव्हर’ गाठोड्यात बांधता येत नाहीत. वापरकर्त्याचा संगणक पुरेसा सक्षम आणि सामान्यतः विंडोजचाच असावा लागतो. शिवाय प्रोग्राम घरी चालत असल्याने त्याला लागणारी माहितीही सुरक्षित मार्गाने घरापर्यंत आणावी लागते. याउलट, गाठोडे एकदा पूर्ण उतरले की जोडणी तुटल्यावरही प्रोग्राम चालू राहू शकतो. पहिल्या प्रकारात जोडणी तुटताच खिडकी गोठते. मात्र सर्व्हरवरील सेशन सहसा जिवंत राहते आणि पुन्हा जोडले गेल्यावर काम सोडले होते तेथूनच सुरू करता येते.

वेग किती लागतो?

दूरस्थ कामासाठी प्रचंड वेगाची जोडणी लागते, हा समज पूर्णतः खरा नाही. हलक्या कामासाठी दर सेकंदास सुमारे दीड मेगाबिट इतकी क्षमता पुरेशी असल्याचे मायक्रोसॉफ्टचे मार्गदर्शन सांगते. त्याहून महत्त्वाचा असतो तो विलंब. कळ दाबल्यापासून तिचे अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत संदेशाला जाऊन यावे लागते. हा काळ दीडशे मिलिसेकंदांच्या आत असावा, असे सांगितले जाते. त्यापुढे टंकलेखन अडखळू लागते.

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. त्यामुळे सर्व्हर ठाणे, मुंबई किंवा पुण्यात असेल, तर वांगणीहून होणारा अंतराचा विलंब नगण्य असतो. तो सिंगापूरला असेल, तर केवळ जाण्यायेण्यातच सुमारे चाळीस मिलिसेकंद खर्च होतात. ॲमेझॉनने मुंबईत आणि मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई व चेन्नई येथे २०१५-१६ मध्ये क्लाउड केंद्रे सुरू केल्यापासून हा अडसर पुष्कळ कमी झाला. प्रत्यक्षात त्रास होतो तो मोबाइल जोडणीच्या चढउताराचा आणि खंडित होणाऱ्या विजेचा.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. घरच्या संगणकावर मराठी कळफलक असूनही दूरच्या प्रोग्राममध्ये इंग्रजी अक्षरेच उमटतात. याचे कारण असे, की पहिल्या प्रकारात जोडणीतून बहुधा कळेचा क्रमांक जातो, अक्षर जात नाही. त्या क्रमांकाचे ‘क’ करायचे की ‘के’, हे सर्व्हर ठरवितो. म्हणून मराठी कळफलक आणि देवनागरी फाँट सर्व्हरवरही बसविलेले असावे लागतात.

सुरक्षिततेची बाजू

भारतात घरून कामाला केवळ तंत्राचीच नव्हे, तर नियमांचीही अडचण होती. कॉल सेंटर व तत्सम सेवांना दूरसंचार विभागाच्या कडक अटी लागू होत्या. १३ मार्च २०२० रोजी विभागाने त्या तात्पुरत्या शिथिल केल्या आणि घरून कामासाठीच्या सुरक्षा ठेवीतून सूट दिली. पुढे ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी या सेवांची नोंदणी व बँक हमी यांची अट रद्द झाली.

बँका व मोठ्या कंपन्या पहिल्या प्रकाराला पसंती देतात, त्याचे प्रमुख कारण माहिती कार्यालयाबाहेर जात नाही हे होय. लॅपटॉप चोरीस गेला तरी त्यात हिशेबाची फाइल नसते. मात्र प्रवेशद्वारच कमकुवत असेल, तर हा लाभ उलटतो. मे २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या ‘ब्लूकीप’ या त्रुटीमुळे जुन्या विंडोजमधील रिमोट डेस्कटॉप सेवेत पासवर्डाविना शिरकाव शक्य होता. मायक्रोसॉफ्टला आधार बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही तेव्हा दुरुस्ती द्यावी लागली. लहान कार्यालये आपला सर्व्हर थेट महाजालावर उघडा ठेवतात, तो प्रकार म्हणूनच धोक्याचा आहे. गेटवे आणि दुहेरी ओळख-तपासणी यांशिवाय दूरस्थ जोडणी देऊ नये.

चित्राला आवाज नसतो

आता वांगणीच्या प्रश्नाकडे वळू. दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरते ती ‘स्क्रीन रीडर’च्या साहाय्याने. अमेरिकेतील टेड हेंटर यांच्या कंपनीने तयार केलेले ‘जॉज’ हे सशुल्क आणि ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेले ‘एनव्हीडीए’ हे विनामूल्य, अशी दोन सॉफ्टवेअर विशेष प्रचलित आहेत. ती पडदा ‘पाहत’ नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिमला ती विचारतात, की आता कर्सर कोठे आहे, हे बटण आहे की रकाना, त्याचे नाव काय, त्यात कोणता मजकूर आहे. मिळालेले उत्तर आवाजात किंवा ब्रेल पट्टीवर उमटते.

पहिल्या प्रकारात ही साखळीच तुटते. वांगणीतील संगणकावर जे येते ते ठिपक्यांचे चित्र असते. त्यात बटण नाही, रकाना नाही, मजकूरही नाही. डोळस वापरकर्त्याला ते मूळ प्रोग्रामाहून वेगळे वाटत नाही, पण घरचा स्क्रीन रीडर त्या खिडकीचे नाव वाचून गप्प होतो. चित्रातून अक्षरे ओळखण्याची सोय एनव्हीडीएमध्ये आहे. तथापि तिच्या आधारे एखादे पान कसेबसे वाचता येते, आठ तासांची नोकरी करता येत नाही.

या अडचणीवर तीन मार्ग आहेत.

पहिला, स्क्रीन रीडर सर्व्हरवरच बसवून त्याचा आवाज ध्वनिवाहिनीतून घरी आणणे. हा मार्ग सोपा आहे, पण विलंब जाणवतो. अनुभवी दृष्टिहीन वापरकर्ते अतिशय जलद गतीचे वाचन ऐकतात. प्रत्येक कळेनंतर आवाज क्षणभर मागे राहिला, तरी त्यांची लय बिघडते. शिवाय व्यवस्थापकाने बँडविड्थ वाचविण्यासाठी किंवा सुरक्षिततेच्या नावाखाली ध्वनिवाहिनी बंद केली असेल, तर डोळस कर्मचाऱ्यांच्या ते लक्षातही येत नाही आणि दृष्टिहीन कर्मचाऱ्याचे मात्र संपूर्ण काम थांबते.

दुसरा मार्ग दोन्ही टोकांना स्क्रीन रीडर ठेवून त्यांना वाहिनीने जोडण्याचा. सर्व्हरवरील रीडर मजकूर गोळा करतो, जोडणीतून आवाजाऐवजी केवळ मजकूर जातो आणि उच्चार घरच्या संगणकावर होतो. मजकूर आकाराने लहान असल्याने तो चटकन पोहोचतो. ब्रेल पट्टीही चालते. जॉजमध्ये सिट्रिक्स व रिमोट डेस्कटॉपसाठी अशी सोय आहे. एनव्हीडीएसाठी ती पूर्वी पूरक जोडणीच्या रूपात मिळे. २०२५.१ या आवृत्तीपासून एका संगणकावरून दुसरा हाताळण्याची ‘रिमोट ॲक्सेस’ सुविधा मूळ सॉफ्टवेअरमध्येच आली आहे. मात्र दोन्ही मार्गांत सर्व्हरवर काहीतरी बसविण्याची परवानगी कार्यालयाने द्यावी लागते.

तिसरा मार्ग आभासीकरणाचा दुसरा प्रकार निवडण्याचा. गाठोड्यातून आलेला प्रोग्राम वापरकर्त्याच्याच संगणकावर चालतो. त्याची बटणे व रकाने खरे असतात. त्यामुळे मूळ प्रोग्राम सुगम असेल, तर घरचा स्क्रीन रीडर त्याला साध्या प्रोग्रामाप्रमाणे वाचू शकतो. योग्य नावे दिलेल्या रकान्यांचे संकेतस्थळ-आधारित प्रोग्रामही याच कारणाने सोयीचे ठरतात, कारण ब्राउझरपर्यंत मजकूर मजकूर म्हणूनच येतो.

कायदा काय सांगतो?

१९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावयाचे असते. शासकीय आस्थापनांना कलम २० अन्वये दिव्यांग कर्मचाऱ्यास आवश्यक त्या सोयी द्याव्या लागतात. माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचे निकष ठरविण्याची तरतूद कलम ४० मध्ये आहे. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे निकष केवळ शिफारशीवजा न राहता बंधनकारक असावेत, असे स्पष्ट केले. ३० एप्रिल २०२५ रोजी ई-केवायसीसंबंधीच्या निकालात याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले.

रुजू होण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

घरून कामाची नोकरी स्वीकारणाऱ्या दृष्टिहीन उमेदवाराने, तसेच त्याला नेमणाऱ्या कार्यालयाने, पुढील बाबी आधीच तपासून पाहणे हिताचे ठरेल.

प्रोग्राम सर्व्हरवर चालतो की आपल्या संगणकावर? सर्व्हरवर चालत असल्यास तेथे स्क्रीन रीडर बसविण्यास अनुमती आहे का? ध्वनिवाहिनी चालू आहे का? जॉज किंवा एनव्हीडीएच्या दोन्ही टोकांच्या जोडणीला सुरक्षा विभागाची हरकत आहे का? प्रवेशाच्या वेळी चित्रातील अक्षरे ओळखण्यास सांगितले जाते का, आणि तसे असल्यास आवाजी पर्याय आहे का? मराठी मजकूर टंकायचा असल्यास सर्व्हरवर मराठी कळफलक आणि मराठी बोलणारा आवाज आहे का? एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ‘ईस्पीक’ या विनामूल्य आवाजात मराठीचा समावेश आहे, हे येथे नमूद करावेसे वाटते.

यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे एका तासाच्या चाचणीत मिळतात. संगणक प्रशिक्षण व सल्ल्यासाठी मुंबईत १९५२ साली स्थापन झालेली ‘नॅब’ ही संस्था आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून कार्यरत असलेले दृष्टिहीनांसाठीचे साहाय्य केंद्र यांच्याकडे चौकशी करता येईल. वांगणीतील सर्वच दृष्टिहीनांना संगणकाची नोकरी मिळेल, असे कोणी म्हणणार नाही. परंतु जो तरुण ती मिळविण्याइतके शिकला आहे, त्याची संधी कार्यालयातील एका बंद वाहिनीमुळे हुकू नये. ती वाहिनी सुरू करण्यास बहुतेक वेळा एक पैसाही लागत नाही. तिची आठवण कोणीतरी करून द्यावी लागते.